गुंजा आणायला जळगाव जामोदला

डिसेंबर सरता सरता आमच्या प्रयोगशाळेतल्या गुंजा संपल्या. पुण्यात त्या मिळत नाहीत असं नाही. रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात पोत्यानं पडलेल्या असतात. पण त्या कुठल्या डोंगरातल्या, किती वर्षांपूर्वीच्या, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. आमच्या सरांना एकाच जागच्या, एकाच हंगामातल्या, ताज्या गुंजा हव्या होत्या. सामानघर सांभाळणारे महादेवराव म्हणाले, "माझा मावसभाऊ जळगाव जामोदकडे भाजीपाला करतो. सातपुड्याच्या पायथ्याला हव्या तेवढ्या गुंजा आहेत." सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणून बसले.

महाराष्ट्र राज्य होऊन एक तप उलटून गेलं होतं, तरी विदर्भातला बुलढाणा जिल्हा मी नकाशावरच पाहिला होता. घरी आईनं विचारलं, "कशाला चाललीस?" मी म्हटलं, "विष आणायला." तिनं लोणच्याची बरणी पिशवीत घातली.

नांदुऱ्याहून पुढे

नांदुऱ्याला गाडीतून उतरले आणि एस.टी.त बसले. दोन्हीकडे काळीभोर जमीन. कपाशीची दुसरी वेचणी चाललेली, तुरीला शेंगा लटकलेल्या. आदल्या सालचा दुष्काळ ओसरला होता आणि यंदा पीक बरं होतं, ते माणसांच्या चेहऱ्यांवरही दिसत होतं. पूर्णा नदी ओलांडल्यावर एका थांब्यावर चहा घेतला. पहिल्याच घोटाला वाटलं, बाईनं साखरेऐवजी मीठ घातलं. मी तसं म्हणाले, तर ती चहावाली कमरेवर हात ठेवून हसली.

"मीठ नाही टाकलं, बाई. आमचं पाणीच खारं आहे. तुमी डोंगराकडे चालल्या ना? तिकडचं गोड लागते."

त्या पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्याच असतात हे मला तिथं कळलं. माझ्या मागचा प्रवासी तोच चहा आनंदानं पीत होता आणि दुसरा मागत होता.

जळगाव जामोदच्या स्टँडवर महादेवरावांचे मावसभाऊ, तुळशीरामभाऊ, बंडी घेऊन आले होते. बंडी म्हणजे बैलगाडी. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, सावळा माणूस. माझी पिशवी उचलत म्हणाले, "महादेवानं चिठ्ठी धाडली तवा आमाले वाटलं, कोनी म्हातारे प्रोफेसर येऊन राह्यले. तुमी तं पोरगीच निंगाल्या."

त्यांचा मळा गावापासून चार-पाच मैलांवर होता. जसजशी बंडी उत्तरेला चालली तसतसा सातपुडा निळ्याचा हिरवा होत गेला. मळ्यात वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबीर आणि कोपऱ्यात हौसेनं लावलेला पानवेल. घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. सुभद्रावहिनी, म्हणजे त्यांची बायको, चुलीजवळून उठून आल्या आणि त्यांच्या पाठीमागून पाच वर्षांची मंदी. लग्नानंतर खूप वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी. तिनं मला नीट न्याहाळलं आणि आईला विचारलं, "हिच्या डोळ्याले काच काऊन लावली?"

त्या संध्याकाळचं भरीत मी कधी विसरणार नाही. हिरवी लांबट वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांसकट ठेचून, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. मी चाचरत म्हटलं, "वहिनी, थोडा गूळ मिळेल का?"

"भरितात गूळ?" वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, पुण्याचे लोक भरितात गूळ टाकतात म्हने."

तरी त्यांनी गुळाचा खडा आणून दिला. मी तो गुपचूप वेगळा खाल्ला. तिसऱ्या भाकरीच्या वेळी मला त्याची आठवणही राहिली नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी

दुसऱ्या दिवशी सगळेच बंडीतून निघालो. पळस, बोरी, खैर यांच्या रानातून वाट चढत जाते. गुंजेची वेल बोरींवर चढलेली होती. शेंगा वाळून, वळून फुटलेल्या, आणि प्रत्येकीत चार-पाच लाल बिया, एका टोकाला काळा ठिपका. उन्हात त्या इतक्या झळकत होत्या, की काचेच्या बरणीत त्या रोज पाहणारी मी काही वेळ नुसती उभी राहिले. सोनार याच बीनं सोनं तोलत आले. इतकी देखणी वस्तू माणसाला गळ्यात घालावीशी वाटली, यात नवल नाही.

तुळशीरामभाऊंनी वेलीची चार पानं तोडून आपल्या विड्यात घातली, मलाही दिली. ज्येष्ठमधासारखी गोड.

"पाला गोड, अन् बी इख," ते म्हणाले. "आमच्या वडिलाच्या वक्ताले एका वैऱ्यानं बैलाले गुंज कुटून टोचली होती. बैल लगेच नाही मेला. तीन दिवसांनी मेला. हे इख करते काय, ताई? सापाचं कसं, घंट्याभरात समजते."

मी बोरीखाली बसून समजवायला लागले. आपलं शरीर म्हणजे कोट्यवधी बारीक बारीक पेशी. प्रत्येक पेशीत हजारो लहान यंत्रं असतात, त्यांना आम्ही रायबोसोम म्हणतो. पेशीला लागणारी सगळी प्रथिनं तिथं तयार होतात. रक्त, मांस, पोटातलं अस्तर, सगळं त्यांच्यावर चालतं. गुंजेतलं विष पेशीच्या आत शिरतं आणि ती यंत्रं निकामी करतं. एक मोडलं की दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. ते स्वतः मात्र खर्च होत नाही.

भाऊ मान हलवत होते, पण कळल्याची ती मान नव्हती. शेंगा तोडता तोडता वहिनी म्हणाल्या, "म्हंजे एक बाई गावात शिरली अन् घरोघर जाऊन चुली फोडून राह्यली. असंच ना?"

"अगदी तसंच."

"त्या दिवशी कोनाले काही वाटनार नाही. टोपल्यात कालची भाकर असतेच. दुसऱ्या दिवशी सरते. तिसऱ्या दिवशी गाव उपाशी." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हनून तुमचा बैल तिसऱ्या दिवशी मेला."

मी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना मी दुसरा दाखला कधी दिला नाही.

"मंग तुमाले हे कायले पाह्यजे?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं, की कर्करोगाच्या पेशी अधाशासारख्या वाढतात आणि काही प्रयोगांत हे विष त्यांना आधी मारतं असं दिसलंय. त्या मोडाव्यात आणि बाकीच्या राहाव्यात, असं काही करता आलं तर औषध होईल. पण विष यंत्र नेमकं कसं मोडतं हेच अजून कुणाला ठाऊक नाही. तेच शोधायचं.

"अन् लेकरानं खाल्ली तं?" वहिनींनी मंदीकडे पाहिलं. ती दगडांची रांग लावत होती.

"अख्खी गिळली तर बहुतेक वेळा काही होत नाही. वरचं टरफल फार टणक असतं, जशीच्या तशी बाहेर पडते. चावली तर मात्र एखादीही पुरते." मग मी मंदीला जवळ बोलावून बजावलं, "ह्या बियांना हात लावायचा नाही."

"हाव," मंदी म्हणाली.

दुपारपर्यंत दोन पिशव्या भरल्या. येताना वाटेत उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या आणि भाऊ एवढ्या मोठ्यानं गात होते, की बैल कान हलवत होते.

पंचेचाळीस आणि त्रेचाळीस

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसून बिया निवडल्या. एका पितळी वाटीत नेमक्या पन्नास मोजून ठेवल्या. सोबत आणलेल्या लहान तराजूवर एका बीचं सरासरी वजन काढायचं होतं. बाकीच्या पिशव्या मी वर आढ्याला टांगल्या. वाटी मात्र ओट्यावर ठेवून न्हायला गेले. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी स्वतः विषय काढेपर्यंत कुणीही मला त्याबद्दल बोललं नाही.

परत येऊन वाटी तराजूजवळ घेतली, तर कमी वाटल्या. मोजल्या. पंचेचाळीस. घाईत चुकलं असेल असं वाटून पुन्हा मोजल्या. त्रेचाळीस. तिसऱ्यांदाही त्रेचाळीस.

मंदी ओट्याखाली चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती. मी विचारलं, "मंदे, यातल्या तू घेतल्यास?"

"हाव."

"काय केलंस?"

"खाल्ल्या."

वहिनींनी ते ऐकलं. हातातलं पीठ तसंच ठेवून त्या धावल्या, मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिलाच कवटाळून रडायला लागल्या. "सांग वं, चावल्या का गिटल्या? सांग!" मंदी घाबरली. ओठ घट्ट मिटले आणि एक शब्द बोलेना. भाऊ मळ्यातून आले ते तसेच बैल जुंपायला गेले.

मी तिचं तोंड उघडून पाहिलं. दातांत लाल काही नव्हतं, टरफलाचा तुकडा नव्हता. पण त्यावर विसंबायचं कसं? दोन वर्षं मी या विषाचा अभ्यास करत होते. उतारा नाही, हे मला पाठ होतं. आणि पहिले काही तास लेकरू हसतं-खेळतं राहील आणि त्यानं काहीच सिद्ध होणार नाही, हेही पाठ होतं.

बंडीत मी तिला मांडीवर घेतलं. वहिनींना म्हटलं, "वहिनी, थोडा वेळ तिला कुणी रागावू नका. मला बोलू द्या." अर्ध्या वाटेत एक माणूस सायकलवरून गेला. मंदी एकदम म्हणाली, "हिवतापवाला!"

"तो काय करतो गं?"

"गोया देते."

हिवतापाच्या गोळ्या वाटणारे कर्मचारी तेव्हा गावोगाव घरी येत. मी विचारलं, "तू कशी घेतेस गोळी?"

तिनं मान मागे टाकली, तोंडात हवेतली गोळी टाकली, हवेतलंच पाणी ओतलं आणि गटकन गिळण्याचा आवाज केला. "चावाची नाही. चावली का लय कडू लागते. थुकली तं पुन्हा घ्या लागते."

"आणि मघाच्या लाल गोळ्या?"

"त्या तशाच घेतल्या. पान्यासंगं. मले ताप होता ना."

वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दोन दिवस त्यावर बोटं उमटलेली होती. भाऊंनी बैल थांबवले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा हाकले.

दवाखान्याची ओसरी

जळगाव जामोदचे डॉक्टर साठीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मंदीचं पोट तपासलं, जीभ पाहिली.

"चावल्या असतील तर उद्या-परवा कळेल," ते म्हणाले. "गिळल्या असतील तर उद्या-परवा मिळतील. तोवर माझ्या नजरेसमोर ठेवा. सलाईन तयार ठेवतो. भरपूर पाणी, साबुदाण्याची पेज. आणि थोडं एरंडेल."

एरंडेल म्हटल्यावर मी दचकले. एरंडीच्या बीतलं विष म्हणजे गुंजेच्या विषाचं सख्खं भावंड, तेही नेमकी तीच यंत्रं मोडतं.

डॉक्टर हसले. "बाई, विष पेंडीत राहतं. तेलात उतरत नाही. हे तुम्ही मला सांगायचं, की मी तुम्हाला?"

मी ओशाळले. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण भीती वाटायला लागली की शिकलेलं सगळं कुठं जातं, कळत नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर काढले. वहिनींनी एक मातीचं भांडं, एक काडी आणि पाण्याचा तांब्या एवढंच साहित्य घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यामागून त्यांचा आवाज आला.

"एक!"

आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"दोन! तीन!"

ओसरीवर बसलेले रोगीही उभे राहिले. एव्हाना सगळ्यांना गोष्ट माहीत झाली होती. वहिनी धुतलेल्या तीन गुंजा तळहातावर घेऊन आल्या, जसा काही दागिना. मी डॉक्टरांच्या भिंगाखाली धरल्या. एकही चीर नाही, एकही दाताची खूण नाही. टरफल पहिल्या दिवसासारखं चकचकीत. दमा असलेल्या एका आजोबांनी टाळी वाजवली आणि खोकत खाली बसले.

दुपारी आणखी दोन. संध्याकाळच्या आत सहावी. सगळ्या अख्ख्या. मंदीला एवढंच कळलं होतं, की ती शौचाला जाऊन आली की मोठी माणसं आनंदानं ओरडतात. ती मोठ्या रुबाबात ये-जा करू लागली होती.

सातवी मात्र येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी नाही, दुपारी नाही. मंदी खेळत होती, ताप नाही, उलटी नाही. तरी वहिनींचा चेहरा उतरत चालला होता, आणि माझ्या मनात एकच, की तेवढी एक तिनं चावून पाहिली असेल.

शेवटी डॉक्टर तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. "डॉक्टरीणबाई, तुम्ही किती गोळ्या घेतल्या?"

मंदीनं बोटं उघडली. पाच आणि एक. सहा.

"आणि सातवी?"

"ते मी नाही घेतली. ते हिची." तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिलेबी ताप होता. हिच्या पान्यात टाकली. पन ते घेतच नाही."

माझा तांब्या मळ्यातल्या घरी, माझ्या उशाशी राहिला होता. भाऊ कुणाची तरी सायकल घेऊन निघाले. दीड तासानं ते परत आले, ते सायकलची घंटी गल्लीच्या तोंडापासून वाजवतच. तांब्या सांडू नये म्हणून त्यांनी तो उपरण्यानं हँडलला बांधला होता. तळाशी सातवी गुंज.

डॉक्टरांनी तांब्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पाणी तुम्ही प्यालात?"

"त्या सकाळी, न्हाऊन आल्या आल्या. अर्धा तांब्या."

पहिल्यांदा वहिनी हसल्या. मग भाऊ. मग मी, आणि मला हसू आवरेना, हसता हसता रडूही येऊ लागलं. मंदी मात्र रागावली होती. तिच्या मते तिच्या रोग्यानं औषध बुडवलं होतं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

निघताना

डॉक्टरांनी खात्रीसाठी अजून एक दिवस ठेवून घेतलं आणि मग सोडलं. स्टँडवर भाऊंनी माझ्या दोन्ही पिशव्या आणल्या. वहिनींनी त्यांची तोंडं दाभणानं दुहेरी शिवली होती.

मला बोलायचं होतं ते मी तिथं बोलले. "वहिनी, वाटी मी ओट्यावर ठेवली. मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, आणि मीच ठेवली."

"हाव, चूक तुमचीच होती," वहिनी म्हणाल्या. "माह्या मनात पह्यल्या दिवशी लय आलं होतं. बोलली असती तं काय काय बोलली असती. पन बंडीत पोरीले बोलतं तुमीच केलं. मले तं मारणंच सुचलं." मग माझ्या खांद्यावरचा पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "ह्याचं औषध होईन का खरंच?"

"माहीत नाही, वहिनी. कदाचित माझ्या हयातीत होणारही नाही."

"तरी करसान ना?"

"करीन."

"मंग सरल्या का गुंजा, इथंच येजा. दुकानातल्या नोको."

भाऊंनी स्टँडसमोरच्या हॉटेलातून गरम जिलबी आणली होती. डॉक्टरांनी त्या सकाळीच मंदीला काहीही खायची मोकळीक दिली होती. चार दिवसांच्या पेजेनंतर ती बंडीच्या धुरेवर बसून दोन्ही हातांनी जिलबी खात होती. पाक कोपरापर्यंत ओघळला होता, नाकालाही लागला होता. एस.टी. सुरू झाली. मी खिडकीतून हात हलवला.

वहिनी म्हणाल्या, "मंदे, आत्याले टाटा कर."

मंदीनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या जिलबीकडे पाहिलं आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "आता नाही. मी खाऊन राह्यली."